चौदावा प्रश्न, त्यांच्याच शब्दांत

९ फेब्रुवारी

आज सात फॉर्म! सात! लंबूचे अकरा झाले, पण त्याचे पाय लांब आहेत आणि समोरच्याचं उत्तर पुरतं व्हायच्या आधीच तो खूण करून मोकळा होतो. (हे लिहायला नको होतं. मी पाहिलेलं नाही, नुसता संशय आहे. असो. पान माझं आहे.)

मॅडमचा अभ्यास असा — सोळा ते चोवीस वयाची मुलं मोबाइल का घेतात, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे का घेत नाहीत, किंवा घेतलेला का टाकून देतात. आम्ही दोघं दारोदार हिंडतो. साठ फॉर्म माझे, साठ लंबूचे. फॉर्म कागदाचे. पहिल्याच दिवशी लंबूने विचारलं होतं, "मॅडम, अभ्यास मोबाइलचा आणि लिहायचं कागदावर?" मॅडम म्हणाल्या, "फोन समोर धरला की माणूस फोनशी बोलायला लागतो. मला तो तुमच्याशी बोललेला हवाय."

एकतीस मार्चला काम संपणार. मग आमच्यातल्या एकालाच वर्षभरासाठी ठेवणार, आणि त्या वर्षात मॅडम त्याच्या पुढच्या शिक्षणाचीही सोय बघणार. जागा एक. मी हे स्वतःला रोज सांगते — जशी काही विसरणारच आहे.

१० फेब्रुवारी

दाराची कडी तीनदा पाहिली. फॉर्मांच्या पिशवीची चेन चारदा.

१२ फेब्रुवारी

आज काचेच्या दुकानात गेले. खिडक्यांच्या काचा, आरसे, फोटोच्या चौकटी. आत पाऊल टाकायचीच भीती वाटली — माझी कोपरं मला विचारून हलत नाहीत. आत एक मुलगी टेबलाएवढ्या काचेवर ओणवी होऊन काम करत होती. वीसेक वर्षांची. तिने पट्टी लावली, कापायची कलम एका दमात खालपर्यंत ओढली. बारीक चर्र आवाज. मग खालून एक टिचकी — आणि काच सरळ दोन तुकडे! मी "अय्या!" म्हणाले. तिने वर पाहिलंसुद्धा नाही.

मग ती आणि दुकानाचे मालककाका मिळून एक भलीमोठी काच उचलायला लागले. उचलताना बोलायचं नाही असा तिथला नियम. बोललं की हात हलतो. एकाने या कडेला धरायचं, दुसऱ्याने त्या कडेला; ज्याची पकड नीट बसली त्याने काचेच्या पलीकडून अंगठा वर करायचा. मगच उचलायचं. मी कोपऱ्यात श्वास रोखून उभी. मला कुणी रोखायला सांगितला नव्हता.

फॉर्म क्रमांक सत्तावीस. फोन आहे, पण आठ महिने बंद. मग चौदावा प्रश्न: वापरत नसाल तर का? त्याखाली बारीक अक्षरांत सूचना असते — उत्तर देणाऱ्याच्याच शब्दांत लिहावे.

"नको ते," ती म्हणाली. "काच असते हातात."

झालं! मी पेन उघडं धरून थांबले. ती पुढच्या मापाला लागली. मग मी बाहेर बाकावर बसून नीट लिहून काढलं: "काच कापताना एक क्षण लक्ष गेलं तर काच जाते. मोबाइल नेमका तोच क्षण मागतो, म्हणून मी त्याला घरीच ठेवते."

चांगलं झालं आहे.

१५ फेब्रुवारी

मॅडमनी आमचे फॉर्म चाळले. मला म्हणाल्या, "तुझी मुलं किती छान बोलतात गं! याची सगळी आपली हो, नाही, माहीत नाही."

लंबू म्हणाला, "मॅडम, माझ्या वाट्याला मुकी वस्ती आलीय."

सगळे हसले. मीही हसले. कान मात्र तापले होते, आणि ते कौतुकाने तापले असं मी घरी येईपर्यंत स्वतःला समजावत आले.

१६ फेब्रुवारी

आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. बाबा आगारात बसगाड्या धुतात. आई दवाखान्याच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करते. मी आठ वर्षांची असताना बाबांना रजा हवी होती आणि अर्ज मी लिहिला. बाबांनी सांगितलं होतं, "पाठ गेलीय, उभं राहवत नाही, असं लिही." मी लिहिलं, "प्रकृती अस्वास्थ्यामुळे." शब्द शाळेच्या फळ्यावर पाहिला होता. रजा मिळाली! बाबांनी तो अर्ज पोचवायच्या आधी घरभर सगळ्यांना दाखवला होता — वाचता कुणालाच येत नव्हता.

तेव्हापासून घरातलं सगळं लिहिणं-वाचणं माझ्याकडे. आई बोलते, मी लिहिते. आणि आईचं बोलणं असं उघडंवाघडं कागदावर ठेवणं मला कधी जमलंच नाही. अंगावर काहीतरी नीटनेटकं घालून मगच बाहेर पाठवायचं. घरात मोबाइल आला तेव्हाही तेच. मावशीला जाणारे आईचे निरोप मीच टाइप करते. पूर्णविरामासकट! भिंगरी — माझी धाकटी बहीण, वय सतरा, एका जागी न टिकण्याबद्दल हे नाव — म्हणते, "ताई मेसेजला पूर्णविराम देते, लोकांना वाटतं ही भांडायला आलीय."

१९ फेब्रुवारी

भिंगरीने आज गोंधळ घातला. आई मला म्हणाली, "मावशीला लिही गं, गुडघ्याचं विचार." मी फोन घेणार तोच भिंगरीने तो उचलून आईच्या तोंडासमोर धरला. "हे बटण दाबून ठेव आणि बोल. संपलं की सोड."

मी म्हणाले, "असं नको. आई गडबडेल. आणि काहीही बोलून बसेल."

"बोलू दे की काहीही! तिचीच बहीण आहे."

आई आधी फोनकडे बंद दरवाज्याकडे पाहावं तशी पाहत राहिली. मग बटण दाबलं आणि एकदम सुटलीच — "ए बाई, आहेस का गेलीस? गुडघा काय म्हणतोय तुझा? माझं विचारू नको, चादरी ओढून ओढून हात इतके लांब झालेत की आता बसल्या जागी तुझ्या कानफटात देता येईल. ये ना चार दिवस! तुझं तोंड बघून वर्ष झालं. घोरतेस तेवढं सोडलं तर बरी आहेस तू."

आणि बटण सोडलं. निरोप गेला. मी लिहिलं असतं: "गुडघा कसा आहे? काळजी घे. सवडीने ये."

भिंगरी लोळून हसली. मी नाही. खरं लिहायचं तर मला वाईट वाटलं. तेरा-चौदा वर्षांचं माझं काम एका बटणाने काढून घेतलं.

२० फेब्रुवारी

मावशीचं उत्तर आलं, तेही आवाजात. आधी नुसतंच खदाखदा हसणं. मग म्हणाली, "अगं, आज तू बोललीस! एवढे दिवस शेजारीण तुझे निरोप वाचून दाखवायची तर मला वाटायचं, हिच्या घरात कुणी साहेब राहायला आलाय की काय! मी त्याला भिऊन नीट उत्तर द्यायची."

आईने तो निरोप तीनदा ऐकला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझं लिहिणं चांगलंच असायचं हो." ती माझी समजूत घालत होती. त्यानेच जास्त लागलं.

२२ फेब्रुवारी

सुट्टी. घरात कुणी नव्हतं. पिशवीतून झालेले एकेचाळीस फॉर्म काढले आणि फक्त चौदावा प्रश्न वाचत गेले.

"त्यात मन रमत नाही." हे वाक्य एकोणीस फॉर्मांत आहे. एकोणीस!

न्हाव्याच्या दुकानातल्या मुलाचं मन रमत नाही. नर्सिंगच्या मुलीचं रमत नाही. जुळ्या भावांची दोघांची मनं रमत नाहीत, आणि मला पक्कं आठवतंय, त्यातला एक नुसता खांदे उडवून आत निघून गेला होता. हे त्यांच्यातलं कुणीच बोललेलं नाही. हे मी बोलते. एकेचाळीस घरं हिंडून मी एकाच मुलीची मुलाखत घेतली — माझी.

फॉर्म परत क्रमाने लावले. पिशवीची चेन लावली. उघडली. लावली.

२३ फेब्रुवारी

ऑफिसला गेले. काही बोलले नाही.

२४ फेब्रुवारी

आजही नाही.

२५ फेब्रुवारी

मॅडम सकाळीच उत्साहात. म्हणाल्या, "अहवालाचं पहिलं पान ठरलं!" आणि मोठ्याने वाचलं — "काच कापताना एक क्षण लक्ष गेलं तर काच जाते..." सगळं वाक्य. लंबूसुद्धा म्हणाला, "भारी आहे."

"आणि ऐक," मॅडम मला म्हणाल्या, "एकतीस तारखेच्या सभेत ही मुलगी आपण बोलवायची. दोन मिनिटं बोलेल. जी मुलगी बोलता बोलता असं वाक्य टाकते, ती उभी राहून काय बोलेल! तू आण तिला. आणि खरं सांगू? वर्षाच्या जागेचा मला फारसा विचार करावा लागेल असं वाटत नाही."

लंबूचा चेहरा पडला. मला उभं राहवेना. पाठ गेलीय, उभं राहवत नाही — बाबांचं खरं वाक्य इतक्या वर्षांनी आज समजलं.

जागा हातात आली आहे. नुसतं गप्प बसायचं आहे.

२७ फेब्रुवारी

काचेच्या दुकानात गेले. मालककाका कुठेतरी खिडकी बसवायला गेलेले. काचवाली एकटीच चौकटीला खिळे मारत होती. म्हणाली, "फॉर्मवाली ताई! परत आलात? माझं उत्तर नापास झालं का?"

मी तिला तिचं — माझं — वाक्य वाचून दाखवलं. तिने हातोडी खाली ठेवली.

"हे मी बोलले?"

"नाही. मी लिहिलं."

"छानच आहे की! द्या लिहून मोठ्या अक्षरात, भिंतीवर लावते. चौकट मी करते, काच मी घालते. खाली माझं नाव टाका, काका घाबरतील मला."

ती हसत होती आणि माझ्या डोळ्यांत पाणी! तिला काहीच कळेना. मग मी सगळं सांगितलं. सभा, पहिलं पान, जागा. तिने स्टूल पुढे सरकवलं आणि म्हणाली, "मग आता मलाच विचारा ना. नीट विचारा."

मी विचारलं. फोन बंद का केलास? आणि या वेळी पेन पिशवीतच ठेवलं.

बराच वेळ ती काचेची कड बोटाने चाचपत होती. मग सांगितलं. जसं सांगितलं तसंच इथे उतरवते. एकही शब्द नीट करणार नाही.

"आकडे येतात मला. माप वाचते, पट्टी वाचते. अक्षरं नाही येत. शाळा सुटली लवकर. फोन घेतला तर सगळ्या मैत्रिणी लिहायच्या. मी काय करणार? अंगठ्याचं चित्र पाठवायची. काहीही आलं की अंगठा. भागायचं. पोपट होती ना इथं, माझ्या जोडीला कामाला — अखंड बोलायची म्हणून पोपट — ती आई आजारी म्हणून गावाला गेली. तिकडून मोठमोठं लिहायची. मला वाटायचं, बडबड असेल. अंगठा. एक दिवस खूप मोठं आलं. अंगठा. दोन दिवसांनी काका म्हणाले, पोपटची आई गेली, तुला कळवलं असेल ना तिने."

तिने बोटाने टेबलाखालचा खण दाखवला.

"आई गेली, आणि मी अंगठा. तेव्हाच्या तेव्हा फोन बंद केला. त्या खालच्या खणात आहे, पुट्टीच्या डब्यामागे. आता कुणी विचारलं की सांगते, काच असते हातात."

मी पिशवीतून पेन काढलं, परत ठेवलं. एरवी सगळ्यांसाठी शब्द असतात माझ्याकडे! मी विचारलं, "हे फॉर्मवर लिहू?"

"लिहा. पण पुढच्या पानावर नको, आत कुठेतरी. आणि तुमच्या भाषेत नको."

१ मार्च

मॅडमना सांगायचं आहे. चार वाक्यं तयार केली. चारही छान झाली, म्हणून फाडली.

३ मार्च

सांगितलं.

मॅडम चहा पीत होत्या. मी म्हणाले, "मॅडम, फॉर्मांतलं चौदावं उत्तर मी लिहिलंय. मुलांनी नाही." असं धाडकन. आईसारखं बटण दाबून.

त्यांनी कप खाली ठेवला. "किती फॉर्म?"

"एकेचाळीस. म्हणजे एकोणीस नक्की. बाकीच्यांत किती भर माझी ते मला आठवत नाही, म्हणून एकेचाळीस धरा."

"काचेचं वाक्य?"

"ती म्हणाली होती, नको ते, काच असते हातात. बाकीचं माझं."

बाहेर लंबू कुणाशी तरी फोनवर बोलत होता, तो आवाज एकदम बंद झाला.

"तू सांगितलं नसतंस तर मला कधी कळलं नसतं."

"हो, मॅडम."

"मग का सांगितलंस?"

खूप मोठं उत्तर देता आलं असतं. मी म्हणाले, "तिला ते वाक्य चौकट करून भिंतीवर लावायचं होतं."

त्यांना हसू येईल असं मला क्षणभर वाटलं. नाही आलं. म्हणाल्या, "एकेचाळीस रद्द. साठही नव्याने. चार आठवडे आहेत. झाले तर झाले. आणि जागेचं आज विचारू नकोस."

"मी विचारलं नाही, मॅडम."

"तोंडावर दिसतंय."

जिन्यात लंबूने गाठलं. "वेडी आहेस का? ताटात वाढून दिलीस मला जागा!" रागावला होता. माझ्यावर का रागवावं त्याने? त्याचा तर फायदाच झाला.

४ मार्च

खूप झोप लागली. गेल्या पंधरवड्यात पहिल्यांदा.

९ मार्च

पुन्हा तीच दारं. "परत?" "काय हरवलं?" "ताई, तुम्ही जेवायलाच येत जा ना इकडे!" सगळ्यांना खरं सांगते — मागच्या वेळी मी तुमचं उत्तर नीट लिहिलं नाही. गंमत म्हणजे हे ऐकलं की लोक बसायला जागा देतात.

आता माणूस बोलेपर्यंत थांबते. खूप कठीण आहे. गप्प राहिलेल्या माणसासमोर गप्प राहायचं — मला वाटतं सगळी चूक माझीच आहे. पण थांबलं की येतं काहीतरी.

न्हाव्याकडचा मुलगा: "स्मार्ट होता, विकला. गिऱ्हाइकाचं डोकं माझ्या हातात, त्याचा फोन त्याच्या हातात, आणि माझा खिशात थरथरतोय. तिघांत डोकं कुणाचं कापलं जाईल सांगा."

एक कॉलेजची मुलगी: "घरात फोन एकच, तो आजीच्या उशाखाली. आजीला ऐकू येत नाही. वाजला तरी कुणी उचलत नाही. त्यामुळे आमच्या घरी फोन असूनही शांतता आहे."

खांदे उडवून निघून गेलेला जुळा: "भावाकडे आहे. आम्ही सारखेच दिसतो, त्याचा फोन माझ्या तोंडानेही उघडतो. मग दुसरा कशाला?"

मी हसत हसत लिहीत होते. अक्षर वेडंवाकडं आलं, कारण भराभर लिहावं लागतं. माणसं माझ्यापेक्षा किती भारी बोलतात!

१४ मार्च

सगळंच हसण्यासारखं नाही. नर्सिंगच्या मुलीने आधी दार लावून घेतलं, मग सांगितलं, "फोन घेतला तर दादा रोज बघतो कुणाचा आला. नसला तर बघायलाच काही नाही. म्हणून नकोच." मागे मी हिच्या नावावर 'मन रमत नाही' लिहिलं होतं. मला स्वतःची लाज वाटली. बराच वेळ तिच्या उंबऱ्याबाहेर चपला घालत उभी राहिले.

घरी आल्यावर भिंगरीला विचारलं, "तुझा फोन मी कधी बघते का गं?"

"तू?" ती म्हणाली. "तू फक्त त्यातलं शुद्धलेखन तपासतेस."

१८ मार्च

लंबूने आपले नऊ फॉर्म फाडले. कुणी सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणतो, "पाय दुखवून बघतोय, कसं वाटतं ते." संध्याकाळी परत भेटला तेव्हा खूश होता. "अगं, मुकी नाहीये वस्ती! मीच थांबत नव्हतो."

(९ फेब्रुवारीचा माझा संशय खरा निघाला. तरी तो लिहायला नको होता, असं मला अजून वाटतं.)

२७ मार्च

आज मोठी गोष्ट झाली.

परवा काचवालीला मी म्हणाले होते, लिहायचं कशाला, बोलून पाठव ना पोपटला. माझ्या आईसारखं. ती म्हणाली, "शिकवाल?" आणि मग माझ्या लक्षात आलं — मला स्वतःलाच येत नाही! मी आजवर कुणालाही आवाज पाठवलेला नाही. लिहिलेलं खोडता येतं, बोललेलं खोडता येत नाही, म्हणून.

म्हणून आज भिंगरीला घेऊन गेले. तिने दुकानात शिरताच आठ आरशांत स्वतःला पाहून घेतलं आणि कामाला लागली. पुट्टीच्या डब्यामागून फोन निघाला. तासभर चार्जिंगला लावला. सुरू झाला आणि टण टण टण — नऊ महिन्यांचं सगळं एकदम! त्यात एका पोपटाच्या चित्राखाली ओळीच्या ओळी. माझी नजर गेलीच. आयुष्यभराची सवय. काचवालीने चटकन फोन पालथा घातला.

"वाचू नका, ताई. तिचं तिला सांगू दे."

नाही वाचलं. देवाशपथ एक शब्दही नाही. मी त्या फोनकडे पाठ करून उभी राहिले, समोर आरसा होता त्यात फोन दिसायला लागला, मग डोळे मिटले.

भिंगरी म्हणाली, "इथं दाबून ठेवायचं. ताई, तूही बघ. तुला शिकायला वेळ लागेल, वय झालंय तुझं."

काचवालीने विचारलं, "काय बोलू?"

माझ्याकडे अगदी जिभेवर एक वाक्य तयार होतं. सुंदर होतं. गिळलं.

तिने बटण दाबलं. "पोपटे... मी आहे. मला वाचता येत नाही गं. तुला सांगितलं नाही कधी. तो अंगठा — मला माहीत नव्हतं काय लिहिलंयस. तुझी आई गेली आणि मी..." आणि मग फक्त श्वास. भिंगरीने खूण केली, सोड. पण ती सोडेना. कितीतरी वेळ दुकानातला पंखा तेवढा रेकॉर्ड होत राहिला. मग तिने सोडलं. गेला निरोप.

मालककाका इतका वेळ दारात काच धरून उभे होते. म्हणाले, "झालं असेल तर या कुणीतरी. हात गळाले."

२९ मार्च

पोपटचं उत्तर नाही. काचवाली म्हणाली, "नसू दे. मी बोलले ना." पण फोन पुट्टीच्या डब्यामागे नाही ठेवलाय. टेबलावर, पट्टीशेजारी, उताणा.

३१ मार्च

सभा झाली. काचवाली आली नाही, तिला काचा पोचवायच्या होत्या. मला बरंच वाटलं.

माझे साठातले त्रेपन्न झाले. लंबूचे साठ. अहवालाच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत — "नको ते. काच असते हातात." एवढंच. खाली फॉर्म क्रमांक सत्तावीस. अंगठ्याची गोष्ट आत, छत्तिसाव्या पानावर, तिच्या शब्दांत. ती गोष्ट मॅडमनी सभेत वाचली नाही. मी विनंती केली होती.

सगळे गेल्यावर मॅडमनी दोघांना बसवलं. मी मनाची तयारी करून गेले होते. जागा लंबूची, हे मी स्वतःच ठरवून टाकलं होतं, अभिनंदनही तयार होतं.

मॅडम म्हणाल्या, "जागा एकच आहे. पण महिने बारा आहेत. सहा तुझे, सहा याचे. शिक्षणाचं दोघांनी मला महिनाभराने विचारा." मग माझ्याकडे वळून, "आणि सात फॉर्म राहिलेत तुझे. ते कधी?"

"उद्यापासून, मॅडम."

लंबू बाहेर येऊन म्हणाला, "पहिले सहा तू घे. मी तोवर पाय विकून येतो."

घरी सांगितलं. बाबांनी विचारलं, "म्हणजे पास की नापास?" मी म्हणाले, "अर्धी पास." बाबा म्हणाले, "आमच्या घरात अर्धी म्हणजे लई झालं." आईने तेवढ्यात बटण दाबून मावशीला कळवूनसुद्धा टाकलं होतं. काय कळवलं ते मी ऐकलं नाही. तिचं आहे ते.

२ एप्रिल

काचवालीचा निरोप आला, आवाजातला. धाप लागल्यासारखी बोलत होती.

"ताई, पोपट बोलली! सहा दिवस लागले, आधी रडू थांबेना म्हणाली, मग हसू. ती रागावलीच नव्हती! म्हणाली, त्या दिवशी सगळ्यांनी लांबलचक लिहून पाठवलं, सगळ्यांचं सारखंच, मी एकही पुरतं वाचलं नाही. तुझा नुसता अंगठा आला. आणि मला दुकान दिसलं. काचेच्या पलीकडे तू उभी आहेस आणि दाखवतेयस — धरलंय मी, उचल. म्हणून मी उठले, म्हणाली. तेव्हा उठले."

चारदा ऐकला. मग उत्तर लिहायला घेतलं. तीन वाक्यं लिहिली, पूर्णविरामासकट. पुसली.

अंगठा पाठवला.